शून्य कुठे मांडायचं? अर्थात पार्सिपनीचा जो ओर्सुलॅक

पार्सिपनी हे नाव आता महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत ओळखीचं झालं आहे. कुणाचा भाचा इथे असतो, कुणाची सून इथल्या एखाद्या औषध कंपनीत असते, कुणाचे आईवडील सहा महिने इथल्या अपार्टमेंटच्या बाल्कनीत बसून "रस्त्यावर माणसं दिसतच नाहीत हो" म्हणत दिवस काढून गेलेले असतात. न्यू यॉर्कच्या पश्चिमेला, ८० आणि २८७ हे दोन मोठे हायवे एकमेकांना छेदतात तिथलं हे गाव. काचेच्या इमारतींतली हापिसं, त्यांच्यापुढे शिवाजी पार्कात मावणार नाहीत असं वाटायला लावणारे पार्किंग लॉट, आणि रूट ४६ वर भारतीय वाणसामानाची दुकानं. इथे पाहण्यासारखं काय आहे असं कुणी पाहुण्याने विचारलं की मी त्याला सरळ न्यू यॉर्कच्या बसमध्ये बसवून देतो.

तर अशा या गावाने अमेरिकेला एक बेसबॉलपटू दिला. जो ओर्सुलॅक. जन्म ३१ मे १९६२, इथून जवळच ग्लेन रिजला, शाळा पार्सिपनी हिल्स हायस्कूल, डावखुरा, १९८३ ते १९९७ या काळात मेजर लीगचे चौदा मोसम. (नावच 'जो' असल्यामुळे मराठीत त्याच्याबद्दल वाक्य लिहिताना भलतीच पंचाईत होते. जो जो म्हटलं तर अंगाई सुरू होते. म्हणून पुढे आडनावच वापरतो.) तुम्ही हे नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. माझ्या लॅबमधले दोघे जन्मापासून न्यू जर्सीत राहतात, बेसबॉलवर जेवणाच्या सुट्टीत तासभर वाद घालतात, आणि त्यांनाही "ओरिओल्सकडे होता ना तो?" यापलीकडे फारसं आठवलं नाही.

मला त्याच्यात रस आहे तो नेमका याच कारणासाठी. बेब रूथ, जो डिमॅजिओ या मंडळींवर लिहिणारे खंडीभर आहेत. इथून अर्ध्या तासावर लिटल फॉल्समध्ये योगी बेराच्या नावाचं संग्रहालय आहे आणि स्टेडियमही आहे. ओर्सुलॅकच्या नावाचं काही असल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पण तो चौदा मोसम त्या खेळात टिकला, आणि एवढी वर्षं टिकलेल्या माणसाला मोजायचं कसं, या प्रश्नात आपला, म्हणजे मराठी माणसाचा, फार घोळ आहे असं माझं मत आहे.

बेसबॉल समजावून सांगायचा मोह मी आवरणार आहे. चार गोष्टी मात्र लागतील. मोसम १६२ सामन्यांचा असतो, एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज सामना. बॅटरची सरासरी म्हणजे ढोबळमानाने हजार प्रयत्नांत किती वेळा त्याने चेंडू मारून बेस गाठला. ३०० म्हणजे उत्तम, २५० म्हणजे चालतंय, २२० म्हणजे सामान बांधायला लागा. म्हणजे उत्तम माणूसही दहातल्या सात वेळा अपयशी! आउटफील्डर म्हणजे आपल्या सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक. आणि मेजर लीगच्या खाली मायनर लीग नावाची चार-पाच मजली उतरंड असते, जिथून वर यायला तीन-चार वर्षं सहज लागतात आणि बहुतेकांना वरचा मजला कधीच दिसत नाही.

ओर्सुलॅकला १९८० साली पिट्सबर्ग पायरेट्सने सहाव्या फेरीत निवडलं. इथे शाळा-कॉलेजातली मुलं संघांनी पाळीपाळीने उचलायची पद्धत आहे. पहिल्या फेरीतल्या मुलांचे फोटो पेपरात येतात, सहाव्या फेरीतल्यांची नावं छोट्या टायपात. वय अठरा. तीन वर्षं खालच्या लीगमध्ये काढून १ सप्टेंबर १९८३ ला तो पहिला मेजर लीग सामना खेळला. १९८५ मध्ये पुरा मोसम मिळाला आणि पठ्ठ्याने बरोबर ३०० ची सरासरी काढली, २४ बेस चोरले, होम रन एकही नाही. षटकार न मारता खोऱ्याने धावा काढणारे आपल्याकडे असत ना, त्यातला प्रकार. पायरेट्स त्या वर्षी १०४ सामने हरले.

हे 'पण संघ हरला' पुढे त्याच्या नशिबी कायमचं आलं. १९८७ साली तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही, आणि त्या नोव्हेंबरात पायरेट्सने त्याला मायनर लीगमधल्या दोन पोरांच्या बदल्यात बॉल्टिमोर ओरिओल्सकडे धाडलं. ओरिओल्सने १९८८ चा मोसम सुरू केला तो सलग २१ सामने हरून. एकवीस! सहाव्या पराभवानंतर मॅनेजरला काढून टाकलं. हा मॅनेजर म्हणजे संघातलाच सर्वांत मोठा खेळाडू कॅल रिपकन याचे वडील. त्या मोसमात एकूण १०७ पराभव. ओर्सुलॅकची सरासरी २८८. पुढे १९९३ मध्ये तो न्यू यॉर्क मेट्सकडे आला, म्हणजे जवळजवळ घरीच. मेट्स त्या वर्षी १०३ सामने हरले आणि याची सरासरी २८४. तीन वेगवेगळ्या संघांबरोबर शंभरावर पराभव, आणि तिन्ही वर्षी माणूस आपलं काम चोख करत होता. मला हे वाचताना सारखा एखाद्या डबघाईला आलेल्या सहकारी बँकेतला हिशेबात एक पैसा न चुकणारा कॅशियर आठवतो.

मधे एकच वर्ष असं होतं की वाटावं, आता जमलं. १९८९ चे ओरिओल्स. आदल्या वर्षीचा तो विनोद झालेला संघ शेवटच्या शनिवार-रविवारपर्यंत पहिल्या जागेसाठी झुंजत होता. टोरोंटोला जाऊन हरले आणि दोन सामन्यांनी मागे राहिले. ओर्सुलॅक २८५.

त्याचं एक कसब मात्र क्रिकेटच्या माणसाला लगेच कळेल. थ्रो. बेसबॉलमध्ये सीमेवरून थेट फेकून धावणाऱ्याला बाद करायला लावलं की क्षेत्ररक्षकाच्या नावावर 'असिस्ट' लागतो. आउटफील्डरला मोसमात दहा मिळाले तरी लोक त्याच्या हाताला घाबरायला लागतात. १९९१ साली ओर्सुलॅकचे २२ झाले. आपल्या एकनाथ सोलकरचं नाव निघालं की म्हातारे लोक बॅटिंगबद्दल बोलत नाहीत, फॉरवर्ड शॉर्टलेगबद्दल बोलतात. तसं ओर्सुलॅकबद्दल जाणकार बॉल्टिमोरकर बोलले तर त्या डाव्या हाताबद्दल बोलतील.

बाकी मग उतार. १९९६ मध्ये फ्लोरिडा मार्लिन्सकडे सरासरी २२१. मार्च १९९७ मध्ये मार्लिन्सने त्याला एका तरुण पिचरसोबत माँट्रियल एक्स्पोजकडे देऊन क्लिफ फ्लॉइड नावाचा उमदा खेळाडू घेतला. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये मार्लिन्सने वर्ल्ड सिरीज जिंकली. सात महिने! चौदा मोसमांत पाच संघ, १४९४ सामने, ११७३ हिट्स, ५७ होम रन, सरासरी २७३, आणि मोसमानंतरच्या बाद फेरीत एकही सामना नाही. पायरेट्स तो गेल्यावर सलग तीन वर्षं आपल्या गटात पहिले आले. ओरिओल्स तो गेल्यावर बाद फेरीत पोचले. मेट्सही पोचले. आपल्याकडे असता तर लोकांनी त्याची पत्रिका मागवली असती.

आता मुद्द्याचं. समजा हीच कहाणी मी पुण्यात एखाद्या लग्नाच्या पंगतीत सांगितली. ऐकणारे काका काय म्हणतील? "अरेरे. बिचारा. म्हणजे तसं काही जमलं नाही त्याला." हे मी कल्पनेने सांगत नाही, दोन-तीनदा प्रयोग करून पाहिला आहे. जगातल्या सर्वोत्तम लीगमध्ये, जिथे त्या काळी सगळ्या संघांत मिळून साडेसहाशेच्या आसपास जागा होत्या आणि खाली हजारो पोरं त्या जागांवर डोळा ठेवून होती, तिथे जो माणूस (पुन्हा आला 'जो') वयाच्या पस्तिशीपर्यंत आपली जागा राखून होता, त्याला आपण बिचारा म्हणतो. कारण आपण मोजायला सुरुवात वरून करतो. सचिन म्हणजे शंभर, आणि तिथून खाली किती आलास ते सांग.

मी पोट भरतो ते मोजमापाच्या धंद्यावर. कुठलंही उपकरण हातात घेतलं की पहिला प्रश्न असतो, याचं शून्य कुठे आहे? शून्य चुकीच्या जागी असेल तर पुढचे सगळे आकडे अचूक असून फुकट. बेसबॉलवाल्यांनी, त्यातही आकडेमोड करणाऱ्या शौकिनांनी, गेल्या काही दशकांत या प्रश्नाचा कीस पाडला आणि एक सुंदर उत्तर काढलं. खेळाडूची किंमत सर्वोत्तम खेळाडूशी तुलना करून काढायची नाही, सरासरी खेळाडूशीही नाही. शून्य मांडायचं ते 'बदली खेळाडू'वर. म्हणजे उद्या सकाळी याचा पाय मोडला तर मायनर लीगमधून फोन करून जो कोणी लगेच आणि स्वस्तात मिळेल तो. त्याच्यापेक्षा तुम्ही संघाला किती सामने जास्त जिंकून देता, ती तुमची किंमत. त्यांचं गणित असं सांगतं की अख्खा संघ अशा बदली खेळाडूंचा केला तरी तो १६२ पैकी साधारण ४८ सामने जिंकेल. (१९८८ चे ओरिओल्स ५४ जिंकले होते. असो.)

या फुटपट्टीने एक गोष्ट एकदम लख्ख दिसते. मेजर लीगमधला 'साधारण' खेळाडू साधारण नसतोच. तो दुर्मिळ असतो. बदली माणूस केव्हाही मिळतो, साधारण मिळत नाही. त्याच्यासाठी पैसे मोजावे लागतात, दोन पोरं द्यावी लागतात. ओर्सुलॅकला पाच संघांनी घेतला तो दयेपोटी नव्हे. समोर उजव्या हाताचा पिचर असला की हा हमखास उपयोगी पडतो, कोपऱ्यातून थ्रो करतो, हे त्यांना वहीत दिसत होतं.

तुम्ही म्हणाल, खेळाचं ठीक आहे, आमचा काय संबंध. संबंध आहे. माझ्यासोबत डॉक्टरेट केलेल्यांपैकी नामांकित विद्यापीठात प्राध्यापक झाला तो एक. बाकीचे आम्ही कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या प्रयोगशाळेत आहोत. कुणी बॅटरीचं आयुष्य दोन टक्क्यांनी वाढवतो, कुणी पंपाचा आवाज कमी करतो. काम अवघड आहे, चुकलं तर लोकांना इजा होते, आणि ते येणारी माणसं जगात मोजकी आहेत. पण सुट्टीत घरी गेलं की त्या एकाची चौकशी होते आणि आमच्याकडे बघून "तुम्ही मग नोकरीच धरलीत म्हणायची" असं होतं. मला याचं दुःख नाही, आता गंमत वाटते. दुःख वाटतं ते इथल्या आपल्या पोरांचं. पार्सिपनीत बरीच मराठी मुलं सात-आठ वर्षांची असताना लिटल लीगमध्ये बेसबॉल खेळतात, टोपी घालून गोड दिसतात. तेरा-चौदाव्या वर्षी आईवडिलांच्या लक्षात येतं की हा काही पहिल्या नंबरचा होणार नाही. लगेच बॅट माळ्यावर आणि पोरगं गणिताच्या क्लासला. तिथेही पहिला नाही आलं की तो क्लास बंद, दुसरा सुरू. मधल्या नंबरावर राहून एखादी गोष्ट वीस वर्षं चांगली करत राहणं हीसुद्धा एक शक्यता असते, हे त्या मुलाला कुणी सांगतच नाही.

आता आपल्या घरच्या दोन माणसांकडे येतो. पद्माकर शिवलकर. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी, सरासरी १९.६९. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५. कसोटी सामने शून्य, कारण त्या काळात भारताकडे डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून बिशनसिंग बेदी होते. मार्च २०२५ मध्ये शिवलकर गेले तेव्हा आलेल्या मृत्युलेखांपैकी मी जे वाचले त्यांत 'कसोटी न खेळलेला दुर्दैवी' हे पहिल्या दोन वाक्यांत होतं. आठ बाद सोळा खाली कुठेतरी.

दुसरे अमोल मुझुमदार. १९९३-९४ च्या मोसमात रणजी पदार्पणातच हरियाणाविरुद्ध २६०. पदार्पणातला हा जागतिक विक्रम दोन तपांहून जास्त टिकला, २०१८ मध्ये मोडला. पुढे ११,१६७ धावा, ३० शतकं, सरासरी ४८ च्या वर. कसोटी शून्य. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांच्या प्रशिक्षणाखाली भारतीय महिलांनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला आणि आपल्याकडे एकच सूर लागला: अखेर न्याय मिळाला, जखम भरून निघाली. मला विश्वचषकाचा आनंद तुमच्याइतकाच झाला, रात्रपाळी असल्यासारखा पहाटे उठून सामना पाहिला. पण हा सूर मला खटकतो. अकरा हजार धावांना न्याय कशाला हवा? त्या कुणावर तरी झालेला अन्याय होत्या की काय? वीस वर्षं मुंबईच्या, मग आसाम आणि आंध्रच्या डावाला त्यांनी आधार दिला, सामने जिंकून दिले, ते सामने खरे होते ना? की रणजी ही नुसती वर जाण्याची पायरी, आणि वर नाही गेलात तर तुम्ही वीस वर्षं जिन्यातच उभे होतात असं म्हणायचं?

इथेच दोन खेळांच्या घडणीतला फरक आहे. बेसबॉलमध्ये लीगच्या वर काही नाही. देशाचा संघ अधूनमधून एखाद्या स्पर्धेपुरता जमतो, पण खेळाडूची कमाई, नाव, नोंद सगळी लीगमधली. आज ३० संघ, प्रत्येकी २६ खेळाडू, म्हणजे शिखरावर ७८० जागा. क्रिकेटमध्ये शिखरावर अकरा. २००८ साली आयपीएल आलं आणि जागा वाढल्या हे मान्य, पण त्या वीस षटकांच्या कारागिरांना. शिवलकरांच्या जातीच्या गोलंदाजाला तिथे कोण विचारणार, ही शंकाच आहे.

अमेरिकनांचं फार कौतुक करतोय असं वाटत असेल तर थांबा. ओर्सुलॅकसारख्याला जे स्थैर्य मिळालं ते मालकांनी प्रेमाने दिलेलं नाही. पूर्वी इथे करार संपला तरी खेळाडू त्याच संघाचा बांधील राही, वेठबिगारासारखा. सेंट लुईसच्या कर्ट फ्लडने १९६९ मध्ये दुसऱ्या संघाकडे पाठवणी नाकारली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९७२ मध्ये हरला, आणि त्यात त्याची कारकीर्द संपली. त्याआधी १९६६ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने पोलाद कामगारांच्या युनियनमधून मार्व्हिन मिलर नावाचा माणूस आणला होता. तेव्हा मेजर लीगमधला किमान पगार वर्षाला ६,००० डॉलर होता. डिसेंबर १९७५ मध्ये लवादाने ती वेठबिगारी मोडली. ओर्सुलॅक पहिला पूर्ण मोसम खेळला तेव्हा, १९८५ साली, किमान पगार ६०,००० झाला होता. २०२५ मध्ये तो ७,६०,००० होता. पेन्शनचं तर असं की १९८० नंतर मेजर लीगच्या नोंदीवर फक्त ४३ दिवस भरले तरी काहीतरी मिळतं, आणि दहा वर्षं भरली की पूर्ण. आणि हे सगळं करारात, कुणाच्या कृपेने नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये याच संघटनेने संप केला, वर्ल्ड सिरीज रद्द झाली, आणि लाखो डॉलर कमावणारे लोक संपावर जातात म्हणून जनता भयंकर भडकली. संप म्हटल्यावर आपल्याला १९८२ च्या गिरण्या आठवतात, त्यामुळे त्या भडकण्यात मी सहभागी व्हायचं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि या झगमगाटाच्या तळाशी अंधार होताच. संघटना मेजर लीगपुरती. खालच्या मजल्यांवरच्या पोरांना मोसमापुरताच पगार, तोही इतका की चार-पाच जण एका खोलीत गाद्या टाकून राहायचे आणि हिवाळ्यात दुकानात सामान लावायचे. तुम्हाला 'मिलियन डॉलर आर्म' आठवत असेल: उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, भालाफेक करणारी दोन पोरं, टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडून नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केली. ओर्सुलॅकचाच पहिला संघ. २०१४ मध्ये त्यावर सिनेमा आला, तो करारापाशी टाळ्यांच्या गजरात संपतो. त्यानंतरची बसमधली वर्षं त्यात नाहीत. दोघांपैकी कुणी मेजर लीगपर्यंत पोचलं नाही. या खालच्या पोरांनी २०१४ मध्ये कोर्टात घातलेला वेतनाचा दावा २०२२ मध्ये १८.५ कोटी डॉलरला मिटला, ती संघटनेत आली, आणि २०२३ मध्ये पहिल्यांदा त्यांचा सामूहिक करार झाला. सर्वांत वरच्या मायनर मजल्यावरचा वर्षाचा किमान पगार १७,५०० वरून ३५,८०० डॉलर झाला. पार्सिपनीत एवढ्यात घरभाडंही जेमतेम सुटेल, पण दुप्पट ते दुप्पट.

आपल्याकडे चालू खेळाडूंची अशी संघटनाच नाही. २०१९ मध्ये स्थापन झालेली इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन निवृत्तांची आहे. निवृत्त प्रथम श्रेणी खेळाडूंचं मासिक पेन्शन बीसीसीआयने २०२२ मध्ये १५,००० वरून ३०,००० केलं, सामन्यांची अट वगैरे धरून, ते चांगलंच झालं. रणजीचं मानधनही २०२१ मध्ये वाढलं: चाळीसहून जास्त सामने खेळलेल्याला दिवसाला ६०,००० रुपये, नवख्याला ४०,०००. मार्च २०२४ मध्ये मुंबई क्रिकेट असोसिएशनने आपल्या खेळाडूंना बीसीसीआयइतकीच रक्कम स्वतःकडून वर द्यायचं जाहीर केलं. पण हे सगळं सामना खेळलात तर. २०२०-२१ मध्ये कोविडमुळे रणजी रद्द झाली, १९३४-३५ मध्ये ती सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, तेव्हा शेकडो व्यावसायिक खेळाडूंचं उत्पन्न एका पत्रकाने शून्यावर आलं. कारण त्यांच्या हातात वार्षिक करार नव्हता. नंतर निम्मी भरपाई मिळाली, तीही मंडळाने देऊ केली म्हणून.

वार्षिक करार दिला तर किती पडेल? एका संध्याकाळी पाकिटाच्या पाठीवर केलेला हिशोब देतो. रणजीचे ३८ संघ, प्रत्येकी २५ खेळाडू धरा, म्हणजे ९५०. प्रत्येकाला वर्षाला सरसकट २० लाख, खेळो वा न खेळो, गुडघा मोडो वा न मोडो. होतात १९० कोटी. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलच्या प्रक्षेपणाचे हक्क गेले ४८,३९० कोटींना, म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार कोटींच्या वर. त्यातले निम्मे फ्रँचायझींचे म्हणून बाजूला काढले तरी १९० कोटी हे उरलेल्याच्या चार टक्क्यांच्या आसपास येतात. तुम्ही २५ ऐवजी ३० खेळाडू धरून करून बघा, पाच टक्क्यांच्या आतच राहतं.